टोपलीखालची चार पिल्लं

एकटीने प्रवास कसा करतात हे मला एकसष्टाव्या वर्षी शिकावं लागलं. हे सांगितलं की लोक हसतात, कारण माझं सगळं आयुष्य प्रवासातच गेलं. तीस वर्षं मी पुण्यातल्या एका पर्यटन कंपनीत टूर मॅनेजर होते. हातात उंच धरलेली छत्री आणि मागे चाळीस माणसं. कोणाला चहात साखर चालत नाही, कोणाचा पासपोर्ट हॉटेलच्या उशीखाली राहिलाय, कोणाचं आपल्या जावेशी बोलणं बंद आहे, सगळं मला ठाऊक असायचं. निवृत्त झाल्यावर मात्र कळलं की त्यातल्या एकाच्याही घरी मी सहज जाऊन बसू शकत नाही. लग्न राहून गेलं, कारण मी कायम कुठल्या तरी विमानतळावर असायचे. आता फोन वाजतो तो बहुतेक वेळा कर्ज हवंय का हे विचारायला.

एप्रिलमध्ये एक दिवस फोन मेघनाचा आला. ही एके काळी माझ्या हाताखाली होती, आता माझ्या खुर्चीत बसते. परदेशातल्या सहलींचं सगळं वेळापत्रक कोलमडलंय, म्हणाली. युरोपात उन्हाळ्यात भर दुपारी जुनी स्मारकं बंद ठेवतात, हिवाळ्यात बर्फ बघायला गेलेल्यांना चिखल बघून यावं लागतं. कुठे वणवा, कुठे पूर, आणि विमा महागलेला. लोक म्हणतात जवळचं काही तरी दाखवा. म्हणून तिने कोकणातलं एक गाव काढलं होतं, जिथे समुद्री कासवांची पिल्लं अंड्यांतून बाहेर येऊन समुद्रात जाताना बघता येतात. शनिवारी चाचणी म्हणून बावीस जणांची पहिली बस जाणार होती. ‘ताई, तुम्ही आधी चार दिवस जाऊन राहा. पुढच्या वर्षीच्या ब्रोशरमध्ये घालायचं की नाही, तुम्ही म्हणाल तसं.’

खरं सांगते, कासवांचं मला फारसं काही नव्हतं. कोणाला तरी माझं मत हवं होतं, एवढ्यावर मी बॅग भरली.

बुधवार, गावात

गाव रत्नागिरी जिल्ह्यात, हर्णैच्या उत्तरेला आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की कोणी तरी फोन करून पिल्लं नक्की कुठल्या तारखेला निघतात असं विचारणारच.

‘एकल्याच आलात?’ हा प्रश्न मला पहिल्या तासात तीनदा विचारला गेला. दापोलीहून आणणाऱ्या रिक्षावाल्याने विचारला, नाक्यावरच्या दुकानदाराने विचारला, आणि जिच्या घरी उतरायचं होतं त्या सुनंदाने तर विचारायच्या आधी रिक्षाच्या मागे वाकून पाहिलं. पुण्यात कोणी असं विचारत नाही. तिथे एकटं असणं ही खाजगी बाब असते. इथे ती गावाची चिंता होते. रागही येत होता आणि बरंही वाटत होतं.

सुनंदा पन्नाशीची, चटपटीत, बोलता बोलता तीन कामं उरकणारी. नवरा विश्राम शांत माणूस. मुंबईत अठरा वर्षं एका सोसायटीत वॉचमन होता, आता गावच्या समितीने कासवांच्या घरट्यांवर नेमलंय. ‘तिथं बी राखण, इथं बी राखणच,’ म्हणाला. घराच्या मागच्या अंगाला त्यांनी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. माझ्या खोलीत चार खाटा होत्या. मी आधी खिडकीजवळची घेतली, मग दाराजवळची, आणि शेवटी बॅग एका खाटेवर, कपडे दुसरीवर अशी पसरून ठेवली, म्हणजे खोली भरल्यासारखी दिसेल.

जेवायला कुळथाची पिठी, भात आणि कोवळ्या फणसाची भाजी होती. सुनंदा समोर बसून वाढत राहिली. घरी मी टीव्ही लावून जेवते. समोर माणूस असलं की घास लहान घेतला जातो, हे मी विसरूनच गेले होते.

गुरुवार, किनाऱ्यावर

सकाळी साडेसहाला विश्रामबरोबर गेले. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला जाळी मारून एक चौकोन केलेला आहे. आत वाळूत ओळीने घरटी, प्रत्येकाजवळ पत्र्याचा नंबर आणि प्रत्येकावर वेताची एक पालथी टोपली. कासवीण येऊन अंडी घालते आणि मागे न बघता निघून जाते. मग विश्राम ती अंडी उचलून इथे आणून पुन्हा तशीच पुरतो, म्हणजे कुत्री-कोल्हे खात नाहीत. रोज सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलायची. जी पिल्लं वर आली असतील ती लगेच पाण्याजवळ नेऊन सोडायची, असा नियम. संध्याकाळच्या वेळेला पाहुणे जमतात.

‘लगेच म्हणजे?’ मी विचारलं. जुनी सवय, वेळ नक्की करून घ्यायची.

‘लगेच म्हणजे लगेच,’ तो म्हणाला.

त्या सकाळी त्याने सगळ्या टोपल्या उचलून पाहिल्या. खाली नुसती वाळू होती. त्याने मला समजावलं ते असं. पूर्वी कासवं दिवाळीनंतर यायला लागायची आणि पिल्लं फाल्गुनात, हवा बरी असताना निघायची. आता माद्या दोन-दोन महिने उशिरा येतात, मग अंडी ऐन उन्हाळ्यात सापडतात. वाळू फार तापली की पिल्लू आतल्या आत मरतं. थोडी कमी तापली तर जगतं, पण सगळ्या माद्याच निघतात. शिवाय समुद्र गावाकडे सरकतोय. तीन वर्षांपूर्वी घरट्यांची जागा जिथे होती ती त्याने बोटाने दाखवली. तिथे पाणी होतं, आणि मुळं उघडी पडून आडवी झालेली सुरूची दोन झाडं.

घरट्यांवर त्याने झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या, अंथरल्या होत्या आणि त्यावर तो पाणी शिंपडत होता. मला युरोपातली एक हिमनदी आठवली. उन्हाने वितळू नये म्हणून तिच्यावर मैलभर पांढरी कापडं घातली होती, आणि माझ्या ग्रुपमधल्या एका बाईंनी विचारलं होतं, ही धुणी कोणाची? सगळे पोट धरून हसले होते, मीसुद्धा. विश्रामला मी ते सांगितलं. तो हसला नाही. ‘कापडं घालून ऱ्हायली काय ती?’ एवढंच त्याने विचारलं. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा बर्फ पायवाटेच्या बराच खाली गेला होता, ते मी सांगितलं नाही.

दिवसभर करायला काही नव्हतं. मी किनाऱ्यावर टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. काही चांगलं दिसलं की मी अजून हात वर करून मागे वळते, दाखवायला. मागे माझ्याच पावलांची ओळ होती. संध्याकाळी टोपल्या पुन्हा उचलल्या. काही नव्हतं. फक्त एकोणीस नंबरच्या घरट्यावरची वाळू मधोमध जराशी खचली होती. म्हणजे आत हालचाल आहे, विश्राम म्हणाला, आणि हे यंदाचं शेवटचं घरटं. बाकीच्यांचे दिवस उलटून गेले होते.

शुक्रवार, हर्णै

बसच्या पाहुण्यांसाठी मासळी आणायला सुनंदा हर्णैच्या लिलावाला निघाली, मी बरोबर गेले. होड्या लांब उभ्या राहतात, पाण्यातून टोपल्या किनाऱ्यावर येतात आणि ओल्या वाळूतच बोली लागते. बोली इतकी भराभर चालते की माझ्यासारखीला भांडण आहे की व्यवहार ते कळत नाही. सुनंदाने सुरमई हवी म्हणून बराच वेळ घालवला आणि शेवटी बांगड्यावर भागवलं. मासळी आता फार आत गेली, असं तिथली प्रत्येक बाई एकमेकींना सांगत होती. मधल्या वेळात मी मागे सरले ती थेट कोणाच्या तरी कोलंबीच्या पाटीत बसले. सुनंदाने मला दोन्ही हातांनी उठवलं, साडी झटकली, आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. कित्येक महिन्यांत मला असं कोणी हाताला धरलं नव्हतं.

येताना रिक्षात ती तिच्या मुलाविषयी बोलली. निलेश मुंबईत एका गोडाऊनमध्ये कामाला आहे, चार वर्षं झाली. पुण्याची एक कंपनी दर वर्षी बसगाड्या आणणार आहे, उद्याची पहिली बस नीट पार पडली तर. मग दोन खोल्यांच्या चार होतील, एवढं दोघांना झेपणार नाही, तेव्हा निलेश घरी येईल. त्याला तसं तिने फोनवर सांगूनही टाकलं होतं. त्याने काम सोडायचं गोडाऊनच्या मालकाला विचारून ठेवलं होतं.

मला गप्प राहवलं नाही. मी म्हटलं, त्याच कंपनीची मी. बघायला पाठवलंय.

ती एकदम ताठ बसली. मग म्हणाली, ‘आधी सांगायचं नाय काय वो ताई.’ त्यानंतर घरी पोचेपर्यंत तिने माझी पिशवी माझ्या हातात राहू दिली नाही. रात्री जेवताना माझ्या ताटात सगळ्यात मोठा बांगडा आला आणि सुनंदा समोर बसायच्या ऐवजी बाजूला उभी राहिली. दुपारी मिळालेली मैत्रीण मी संध्याकाळपर्यंत घालवली.

शनिवार

सकाळी साडेसहाला एकोणीस नंबरची टोपली उचलली. खाली चार पिल्लं होती. तळहातावर मावतील एवढी, काळपट, वाळूने माखलेली. एक जरा सुस्त होतं, बाकीची वल्ह्यासारखे हातपाय हलवत होती. किनाऱ्यावर आम्ही तिघंच होतो, कारण सुनंदाही आली होती. बस दुपारी चारला पोचणार होती.

विश्रामने पिल्लं परातीत घेतली आणि पाण्याकडे निघाला. सुनंदा आडवी आली. संध्याकाळी सोडू, ती म्हणाली. विश्राम म्हणाला, घरट्यात आणखी असतील, संध्याकाळपर्यंत येतील वर. ‘नाय आली तर?’ तिने विचारलं. त्या घरट्याने या चारांखेरीज आतापर्यंत काहीच दिलं नव्हतं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मला तिथे गप्प राहता आलं असतं. मी पाहुणी होते. पण मला कोणी तरी विचारलं होतं, आणि विचारलं की उत्तर द्यायची मला तीस वर्षांची सवय. कुठल्याशा बेटावरच्या हॉटेलात नाचणाऱ्या मुलींना, बर्फातल्या गाडीच्या कुत्र्यांना, एका चर्चमधल्या घंटेला, सगळ्यांना मी माझा ग्रुप येईपर्यंत थांबवलं होतं, आणि सगळे थांबले होते.

‘नऊ-दहा तासांचा तर प्रश्न आहे,’ मी म्हटलं. ‘ओल्या वाळूत, सावलीत ठेवा. काही होत नाही.’

काही होत नाही हे मला कसं माहीत होतं? नव्हतं. पण बोलणं इतकं सराईत निघालं की विश्रामला वाटलं असणार, बाई जगभर फिरलेल्या आहेत. तो परात घेऊन परत फिरला.

घराच्या पडवीत प्लॅस्टिकच्या टबात ओली वाळू घातली, वर ओलं गोणपाट टाकलं. दहा वाजता बसमधल्या पोराचा, म्हणजे आता माझ्या जागी छत्री धरणाऱ्या टूर मॅनेजरचा फोन आला की घाटात गाड्या अडकल्यात. बारा वाजता पुन्हा आला की अजून तिथेच आहेत. त्या दिवशी वाराच नव्हता. पडवीतली फरशीसुद्धा पायाला गरम लागत होती. विश्राम दर अर्ध्या तासाने गोणपाट भिजवत होता. बाराच्या सुमाराला सुस्त पिल्लू हलायचं थांबलं. त्याने ते बोटाने उलटून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

मी म्हटलं, आता सोडून देऊ या, बस गेली खड्ड्यात.

‘आता कशी सोडू?’ तो म्हणाला. ‘वाळू बगा जावन. पाण्यापत्तुर भाजून जातील. पाणी बी कडेला चुलीवर ठेवल्यागत. सकाळचीच येळ होती ती.’

तो चिडून बोलला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. दुपारी कोणी जेवलं नाही. सुनंदाने बावीस जणांचा स्वयंपाक केला होता, तो झाकून ठेवला. तीनच्या पुढे दुसरं पिल्लू गेलं. मी टबाजवळ बसून होते. एक लाट यावी तसं मनात येत होतं की पहाटेच मी पुण्याला निघून गेले असते तर ही चारही आता समुद्रात असती.

बस साडेसहाला आली. माणसं दमलेली, वैतागलेली, पण किनारा बघून खुलली. विश्रामने एकोणिसावी टोपली सगळ्यांसमोर पुन्हा उचलली. खाली काही नव्हतं. मग त्याने परात आणली. वाळूत दोरी लावून त्यामागे लोकांना उभं केलं आणि उरलेली दोन पिल्लं खाली सोडली. एक सरळ गेलं. दुसरं चार पावलांवर थांबलं, पुन्हा निघालं, पुन्हा थांबलं. लोक त्याला ‘चल, चल’ म्हणत होते. लाट आली आणि त्याला घेऊन गेली. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, किती नशीबवान आपण. सुनंदा लांबून माझ्याकडे बघत होती. झालं ना सगळं नीट, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

लोक चहाला गेल्यावर विश्राम जाळीच्या आतल्या पेटीतून वही काढून बसला. घरटं क्रमांक, वर आलेली पिल्लं, समुद्रात गेलेली पिल्लं, आणि शेवटी शेरा. त्याने चार लिहिले, मग दोन लिहिले, आणि पेन शेऱ्यापाशी थांबवलं.

‘गरमी लिहू काय?’ त्याने मला विचारलं.

खोटं म्हणता आलं नसतं. गरमी होतीच. सहलींच्या अहवालांत आम्ही सगळीकडे तेच लिहायचो. हिमनदी सरकली, प्रवाळ पांढरं पडलं, हवामान. कोणी पुढे विचारत नाही. आणि खरं लिहिलं तर समिती जाब विचारणार, कदाचित पाहुण्यांना दाखवणंच बंद करणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

‘नको,’ मी म्हटलं. ‘माझं नाव लिहा. मी थांबवायला सांगितली.’

मग त्याने शेऱ्यात लिहिलं, पाहुण्यांसाठी दिवसभर थांबवून ठेवली. खाली स्वतःची सही केली.

‘माझं नाव?’

‘तुमचं कशाला?’ तो म्हणाला. ‘तुमी उद्या जाल. टोपली माझ्या हातात होती.’

मला वाटलं होतं, निदान या चुकीत तरी मी त्यांच्यातली एक असेन.

रविवार

सकाळी किनाऱ्यावर जाऊन मेघनाला फोन केला. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तारीख आणि वेळ छापून या गावात माणसं आणू नकोस. पिल्लं दिसतील असं तर अजिबात म्हणू नकोस. दाखवायचंच ठरवलं की इथे कोणाला तरी टोपली धरून बसावं लागतं. ती म्हणाली, ताई, तारीख नाही आणि खात्री नाही, तर ब्रोशरमध्ये लिहू काय? मग काढूनच टाकते. मी म्हटलं, काढ. चुकलं की बरोबर, मला अजून ठरवता येत नाही. बरोबर असेल तर ते इतकं सोपं जायला नको होतं, कारण माझं त्यात काहीच जाणार नव्हतं.

बस सकाळीच निघून गेली होती. सुनंदा मला घावणे वाढत होती, आज समोर बसून. तोंडाने कालच्या लोकांचं चाललं होतं, कोणाला सोलकढी किती आवडली, कोणी पुढच्या वर्षी पोरांना घेऊन येणार म्हटलं. मी तिला मध्येच थांबवलं आणि फोनवर काय बोलले ते सांगितलं.

ती घावण्याचा काठ मोडत राहिली.

‘म्हणजे येणार नाय कोण.’

‘थोडी येतील,’ मी म्हटलं. ‘ज्यांना नुसता समुद्र पुरेल अशी.’

‘नुसत्या समुद्राला इथवर कोण येतो, ताई? तो काय, सगळीकडे हाय.’ मग उठता उठता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, ‘निलेशला काय सांगू?’

हजार ठिकाणी हजार लोकांची मी समजूत घातली आहे. विमान चुकलेल्यांची, बर्फ न दिसलेल्यांची, एकदा तर नवरा वाटेत वारलेल्या एका बाईंची. मला एक शब्द सुचला नाही. आपण अशा वेळी कोणाचे तरी लागत असलो की नुसतं जवळ जाऊन उभं राहता येतं. मी तिची कोणी नव्हते.

बॅग भरून बाहेर आले. विश्राम किनाऱ्यावर गेला होता, तो भेटला नाही. उंबऱ्यापाशी थांबून मी म्हटलं, ‘येते हं, सुनंदा.’ आपल्याकडे यावर ‘या’ म्हणतात. ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नसतं त्यालाही म्हणतात. ती नळाखाली काल रात्रीच्या बावीस कपबशा विसळत होती. मी पुन्हा जरा मोठ्याने म्हटलं, येते.

‘रिक्षा आली हाय बगा,’ ती म्हणाली.